बोनीची पुस्तकं आणि त्यावरची टीव्ही मालिका: आमचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने आम्ही तिघंजण, म्हणजे मी, माझी ऑफिसातली मैत्रीण आणि आमच्या मजल्यावरचे काका, एकाच माणसाच्या नादी लागलोय. नाव डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर नेपोलियन बोनापार्ट, नोकरी क्वीन्सलँड पोलिसात, पण "मला बोनी म्हणा, माझे सगळे मित्र तेच म्हणतात" असं तो पहिल्या भेटीतच सांगून टाकतो. आर्थर अपफिल्ड नावाच्या लेखकाने १९२९ मध्ये 'द बॅराकी मिस्टरी'मध्ये त्याला पहिल्यांदा आणलं आणि मग एकूण २९ कादंबऱ्या झाल्या, शेवटची तर लेखक १९६४ मध्ये गेल्यावर दोन वर्षांनी, दुसऱ्यांनी पुरी करून छापली. १९७२-७३ मध्ये त्यावर ऑस्ट्रेलियात २६ भागांची टीव्ही मालिका निघाली. पुस्तकं आम्ही आत्तापर्यंत अकरा वाचलीत, मालिकेचे सतरा भाग बघून झालेत, आणि तिघांची रोज एवढी वादावादी होते की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढूया, कुणाला घ्यायची-बघायची असतील तर उपयोग होईल.

सुरुवात किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर झाली. माटुंग्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, तिथे जुन्या पुस्तकांच्या थप्प्या असतात आणि आपण दोन मिनिटं म्हणून थांबतो आणि अर्धा तास जातो. तिथे 'डेथ ऑफ अ लेक' मिळालं, पानं पिवळी, कोपऱ्यात कसर लागून बारीक भोकं पडलेली, पहिल्या पानावर कुठल्यातरी लायब्ररीचा पुसट जांभळा शिक्का, पन्नास रुपये. तेव्हा मे महिना होता. सकाळी पेपर उघडला की पहिलं काय बघतो आपण, तर सात तलावांत पाणी किती उरलंय, वैतरणा, भातसा, तानसा, टक्का किती, कपात कधीपासून. आणि इथे हे पुस्तक हातात, ज्यात आख्खा तलावच मरत चाललाय.

गोष्ट अशी आहे की आडबाजूच्या एका मोठ्या मेंढपाळीच्या रानात एक तलाव आहे, त्यात लॉटरी लागलेला एक तरुण बुडाला म्हणतात, बॉडी कधी मिळाली नाही, पैसेही मिळाले नाहीत. आता दुष्काळ पडलाय आणि तलाव रोज आटतोय. तिथे काम करणारी सगळी माणसं, बाया-पुरुष, रोज काठावर जाऊन बघतात की पाणी किती खाली गेलं. कुणी काही बोलत नाही पण सगळे त्या तळाला काय सापडणार याचीच वाट बघतायत. बोनी तिथे घोडे शिकवणारा म्हणून नाव बदलून जातो आणि तोही वाट बघतो. बस. एवढीच गोष्ट, पण ऊन कसं वाढत जातं, पक्षी कसे मरतात, हजारो ससे उरलेल्या पाण्याकडे रात्रीचे कसे लोटतात, हे त्याने असं लिहिलंय की मी दादर ते चर्चगेट गाडीत वाचत होते आणि बाटलीतलं पाणी कधी संपलं कळलं नाही. घाईत वाचणाऱ्याला वाटेल की अर्ध्या पुस्तकापर्यंत काही घडतच नाही. मला तर तोच भाग सगळ्यात जास्त आवडला. खून कुणी केला हे मी विसरेन एकवेळ, पण आटत्या तलावाकडे बघत उभी असलेली ती माणसं नाही विसरणार.

मी पुस्तक काकांना दिलं. काका माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर झालेत, रेल्वेत आयुष्य गेलं, आणि लहानपणापासून बाबूराव अर्नाळकरांचे भक्त, झुंजार आणि काळा पहाड तोंडपाठ. त्यांनी दोन दिवसांत वाचून परत आणून दिलं आणि म्हणाले, "अगं, ह्यात मारामारी नाही, पिस्तूल नाही, पण सोडवत नाही." तिथून आम्ही तिघं लागलो.

आता बोनी कोण ते सांगते कारण त्यावरच सगळा वाद आहे. त्याची आई आदिवासी, बाप गोरा. लहान बाळ असताना मेलेल्या आईजवळ चंदनाच्या झाडाखाली सापडला, मिशनमध्ये नेलं, तिथे नेपोलियनवरचं पुस्तक चघळताना दिसला म्हणून नाव नेपोलियन बोनापार्ट पडलं. पुढे ब्रिस्बेनला एम.ए. केलं. बायको मेरी, तीन मुलगे. केस सुटेपर्यंत हलायचं नाही, वरिष्ठांची तारेवर तार आली तरी नाही, कारण त्याला मनातून माहीत आहे की एकदा जरी हरलो तरी लोक म्हणणार, बघा, शेवटी कोणाचा पोर. हा जो ताण आहे ना, की गोऱ्या साहेबांपेक्षा दुप्पट चांगलं काम केलं तरच खुर्ची टिकणार, तो मला प्रत्येक पुस्तकात जाणवतो. तो फार गोड बोलतो, सगळ्यांशी अदबीने वागतो, जरा स्वतःची स्तुतीही करतो, पण आतून सतत सावध असतो.

आणि तो पाहतो. म्हणजे नुसतं पाहतो. मुंग्यांनी वारुळाचं तोंड का बंद केलं, वाळूवर वाऱ्याने पडलेल्या रेघा एका जागी का तुटल्यात, मेंढ्या सावली सोडून दुसरीकडे का बसल्यात. 'द सँड्स ऑफ विंडी'मध्ये तर रानात बेवारस सापडलेल्या गाडीचा पोलिसांनी काढलेला फोटो त्याच्यासमोर येतो आणि त्यात मागे आदिवासींची एक खूण दिसते, जी बाकी कुणाला दिसलीच नव्हती, आणि तिथून केस उघडते.

माझी मैत्रीण मूळची सातारकडची. ती म्हणाली की तिचे आजोबा सांगायचे, गावात चोरी झाली की माग काढणाऱ्याला बोलवायचे, तो काडी मोडून पावलाचं माप घ्यायचा, टाच किती दाबलीये त्यावरून डोक्यावर ओझं होतं की नव्हतं सांगायचा, आणि माग शिवेपर्यंत नेऊन पोचवायचा, मग पुढची जबाबदारी पुढच्या गावाची. हे ऐकल्यापासून बोनी मला परका वाटतच नाही. आणि आपल्याकडेही काय झालं, इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकलं, तो कायदा जायला १९५२ उजाडलं. ऑस्ट्रेलियात पोलिसांना आदिवासी माग काढणारे तर हवे होते, पण तिथल्या जनगणनेत आदिवासींना सरसकट धरायला १९६७ चं सार्वमत घ्यावं लागलं. बोनीची सगळीच पुस्तकं त्याच्या आधीची. हे डोक्यात ठेवून वाचलं की त्याच्या अदबीच्या बोलण्याचा अर्थच बदलतो.

लेखकाबद्दल थोडं सांगायलाच हवं कारण त्याची स्वतःची गोष्ट कादंबरीपेक्षा कमी नाही. अपफिल्ड मूळचा इंग्लंडचा, विशीत बापाने ऑस्ट्रेलियाला धाडून दिला, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला होता, नंतर वर्षानुवर्षं रानोमाळ मिळेल ती कामं करत हिंडला. पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांना अडवायला बांधलेलं कुंपण आहे, त्यातलं एक नंबरचं कुंपण १,८३३ किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा लांब, त्याच्या देखभालीवर तो उंट घेऊन फिरायचा. तिथे १९२९ मध्ये त्याला नव्या कादंबरीसाठी असा खून हवा होता ज्यात प्रेताचा मागमूस राहणार नाही. बरोबरच्या एकाने युक्ती सांगितली, प्रेत जाळायचं आणि राख चाळून उरलंसुरलं नाहीसं करायचं. युक्ती इतकी पक्की निघाली की आता बोनीने पकडायचं कसं हेच कळेना, म्हणून अपफिल्डने त्याच माणसाला एक पौंड देऊ केला की ह्यातली चूक शोधून दे. सगळ्यांमध्ये चर्चा झाली. आणि ती चर्चा ज्याच्या कानावर होती त्या स्नोई रोल्स नावाच्या माणसाने पुस्तक छापून यायच्या आधीच ती युक्ती खरी करून बघितली, तीन माणसं नाहीशी झाली.

तो पकडला गेला अंगठीवरून. शेवटच्या बळीची लग्नाची अंगठी न्यूझीलंडच्या सोनाराकडे दुरुस्त केलेली होती आणि १८ कॅरेटच्या अंगठीला डाग देताना चुकून ९ कॅरेटचं सोनं वापरलं गेलं होतं. राखेत सापडलेल्या अंगठीवर तो वेगळ्या रंगाचा डाग होता. पुस्तकात सांगितलेली राख चाळायची पायरी रोल्सने ह्यावेळी केलीच नव्हती. खटल्यात अपफिल्डला साक्षीला उभं राहावं लागलं आणि जून १९३२ मध्ये रोल्सला फाशी झाली. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण गप्पा म्हणून बोललेली गोष्ट तीन माणसांच्या जिवावर उठते, त्या लेखकाने पुढे तीस वर्षं खुनाच्या गोष्टी कशा लिहिल्या असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

काकांचं लाडकं पुस्तक 'मॅन ऑफ टू ट्राइब्ज', आणि त्याचं कारण रेल्वे. नलारबॉरच्या सपाट ओसाड मैदानातून जाणाऱ्या गाडीतून एक बाई रात्रीत गायब होते. त्या लाईनवर एका ठिकाणी ४७८ किलोमीटर रूळ एकदम सरळ आहे, एकसुद्धा वळण नाही, जगात सगळ्यात लांब सरळ रूळ तो. काकांनी ते वाचून मला जिन्यात थांबवलं, "कर्जतच्या पुढे घाटात एवढी वळणं आणि इकडे ह्यांना वळणच नाही, सांग!" बोनी दोन उंट आणि एक कुत्री घेऊन त्या मैदानात शिरतो. पुढे काय ते सांगत नाही, पण जमिनीखाली जे आहे ते वाचताना श्वास कोंडतो. त्या कुत्रीचं नाव लूसी, आणि मला खुनापेक्षा तिचीच काळजी जास्त लागली होती.

पुस्तकांतलं खटकणारं पण सांगते. लेखक त्याच्या काळाचा माणूस आहे, आदिवासींसाठी वापरलेले काही शब्द आज वाचताना टोचतात. आणि सारखं असं येतं की बोनीची तर्कबुद्धी बापाकडून आली आणि माग काढायची नजर आईकडून, जणू काही रक्ताची वाटणी करून ठेवलीये. मैत्रीण एका पुस्तकावर ह्याच कारणाने चिडून बसली होती, आठवडाभर हात लावला नाही, आणि तिचं बरोबर आहे. एम.ए. त्याने स्वतः अभ्यास करून मिळवलं, बापाने तर तोंडसुद्धा दाखवलं नाही. पण तरीही मी म्हणेन वाचा, कारण त्या काळात रहस्यकथेच्या मधोमध असा माणूस उभा करणं, आणि त्याला नोकर-चाकर किंवा वाटाड्या न करता सगळ्यात हुशार, सगळ्यात सभ्य माणूस म्हणून उभं करणं, ही साधी गोष्ट नाही.

आता मालिका. ऑस्ट्रेलियात असलेल्या मावसभावाने येताना डिस्क आणल्या, आमच्या प्लेअरवर चालेनात, रिजनचा घोळ, मग काकांच्या नातवाने लॅपटॉपवरून टीव्हीला जोडून दिलं आणि दर रविवारी संध्याकाळी काकांकडे बसायला लागलो, काकू कांदाभजी करायच्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मालिकेने नावात एक ई जास्त घातलाय, मराठीत दोन्ही बोनीच, त्यामुळे आपल्याला फरक पडत नाही. काढणारी मंडळी तीच ज्यांनी त्याआधी 'स्किपी' ही कांगारूची मालिका केली होती, त्यामुळे बाहेर रानात जाऊन शूटिंग करण्यात तरबेज. आणि हे खरंच दिसतं. लाल माती, मधेच एकटं पत्र्याचं घर, गाडीमागे उडणारा धुरळा खाली बसायला लागणारा वेळ, सगळं खरं. मालिका रंगीत शूट केलेली आहे पण ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही आला १९७५ मध्ये, म्हणजे तिथल्या लोकांनी ती लाल माती पहिल्यांदा काळी-पांढरीच बघितली असणार. आपल्याकडे तर रंगीत टीव्ही एशियाडच्या वेळी, १९८२ ला. काका हे ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्यांच्या आधी आपण बघितला गं खरा रंग, पन्नास वर्षांनी का होईना."

पण मुख्य गोष्ट. बोनीचं काम केलंय जेम्स लॉरेन्सन या न्यूझीलंडच्या गोऱ्या नटाने, तोंडाला सावळा मेकअप लावून. नट वाईट नाहीये, उलट चांगला आहे, चालणं हलकं, बोलणं मृदू, डोळ्यांत मिश्कीलपणा, पुस्तकातली अदब त्याला सापडलीये. पहिल्या भागात मी तर अर्धा तास विसरूनही गेले. पण मग एका दृश्यात ऊन सरळ त्याच्या मानेवर पडतं आणि कॉलरपाशी रंगाची रेघ दिसते, म्हणजे मला तरी दिसली, आणि त्यानंतर प्रत्येक भागात माझी नजर तिथेच जायला लागली. सगळ्यात वाईट वाटलं ते खरे आदिवासी नट त्याच्याबरोबर उभे राहतात तेव्हा. डेव्हिड गुल्पिलिलसारखा माणूस ह्या मालिकेत आहे! त्याच्या नुसत्या उभं राहण्यात, झाडाकडे बघण्यात जे आहे ते कुठल्याच मेकअपने येत नाही. मैत्रीण टीव्हीसमोरच म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा, हा तिथे आहे ना, मग ह्यालाच का नाही घेतलं?" काकांचं म्हणणं होतं की तेव्हा पैसे लावणारे तयार झाले नसते. असेल. पण ज्या माणसाची आख्खी गोष्टच ही आहे की माझ्या कातडीमुळे मला कुणी खरं मानत नाही, त्याचीच कातडी रंगवून आणायची म्हणजे गोष्टीचा प्राणच काढून घेतल्यासारखं झालं. बरं १९९२ मध्ये पुन्हा बोनीवर मालिका काढली तेव्हाही मुख्य भूमिकेत गोराच नट, कॅमेरॉन डॅडो. वीस वर्षांत एवढंही सुचलं नाही.

मला ह्यावर इन्स्पेक्टर घोटे आठवतो. मुंबई पोलिसातला गणेश घोटे, कीटिंग नावाच्या इंग्रज लेखकाने १९६४ मध्ये पहिल्या पुस्तकात आणला तेव्हा त्या लेखकाने मुंबई डोळ्यांनी पाहिली पण नव्हती, दहाएक वर्षांनी आला. म्हणजे अपफिल्डच्या बरोबर उलट, हा माती तुडवून लिहिणारा आणि तो घरी बसून. पण १९८८ मध्ये 'द परफेक्ट मर्डर'चा पिक्चर केला तेव्हा घोटे कोण झाला, तर नसीरुद्दीन शाह. तिथे कुणाला गोऱ्या नटाला रंग फासावासा वाटला नाही, आणि बघताना आपल्याला तो आपला माणूस वाटतो. बोनीच्या लोकांना तो आनंद अजून मिळालेला नाही ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मालिकेबद्दल अजून एक म्हणजे गोष्टी त्यांनी सत्तरच्या दशकात आणून ठेवल्यात, पुस्तकातले उंट आणि तारा जाऊन जीप आणि रेडिओ आलेत, आणि तासाभरात संपवायचं म्हणून वाट बघणं पूर्ण कापलंय. पुस्तकातला बोनी आठ-आठ दिवस एका जागी बसून राहतो, टीव्हीवरचा बोनी दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी मागे धावतो. त्यात मारामाऱ्या बऱ्या आहेत, काकांना आवडल्या. केट फिट्झपॅट्रिकची पोलीसबाई अॅलिस मॅकगॉर छान आहे, फटकळ, ती आली की भाग जागा होतो, तिला अजून काम द्यायला हवं होतं.

घेणाऱ्यांसाठी सांगायचं तर आमच्याकडे पुस्तकाचे पाच तारे आणि मालिकेचे अडीच, ते पण जमिनीसाठी आणि गुल्पिलिलसाठी. आधी पुस्तकं, मग मालिका, उलटं केलंत तर तो रंगवलेला चेहरा पुस्तकात पण पिच्छा सोडणार नाही. क्रमाने वाचायची गरज नाही, 'डेथ ऑफ अ लेक'ने सुरुवात करा, उन्हाळ्यात मिळालं तर उत्तमच, मग 'मॅन ऑफ टू ट्राइब्ज', मग मोत्याच्या शिंपल्यांचा धंदा चालणाऱ्या गावातलं 'द विडोज ऑफ ब्रूम'. पहिलं 'बॅराकी' मात्र सगळ्यात शेवटी, ते कच्चं आहे. जुनी प्रत घेताना शेवटची पानं उभ्या उभ्या मोजून घ्या. मी 'विंडी' ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलं, कंडिशन गुड लिहिलेलं, साडेचारशे रुपये दिले, आणि शेवटची चौदा पानंच नव्हती. तक्रार केली तर म्हणे जुन्या पुस्तकाला रिटर्न नाही. रहस्यकथेची शेवटची चौदा पानं! मग किंग्ज सर्कलच्या त्याच फुटपाथवाल्या दादांना नाव लिहून दिलं, त्यांनी महिन्याभराने कुठून तरी दुसरी प्रत काढली, ऐंशी रुपये घेतले आणि घ्यायच्या आधी स्वतः पानं उलटून दाखवली.

आणि एक गोष्ट जी कळल्यापासून मी सगळ्यांना सांगत सुटलेय. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. अपफिल्ड गेला १९६४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीपासून त्याच्या हयातीत आलेली पुस्तकं भारतात मोकळी झालीत. कुणीतरी मराठीत आणा हो. माग, डाग, खूण, पाणवठा, कोरडं तळं, ह्या सगळ्याला आपल्याकडे घट्ट शब्द आहेत, इंग्रजीत वाचतानासुद्धा माझ्या डोक्यात ते मराठीतच येतात. मैत्रिणीने 'डेथ ऑफ अ लेक'चं पहिलं प्रकरण वहीत उतरवायला घेतलंय, सात पानं झालीत, काल तिने डब्याच्या वेळेत वाचून दाखवलं आणि घोड्यांच्या सामानाला शब्द अडले म्हणून आता काका रेसकोर्सवरच्या एका ओळखीच्या मोतद्दाराला विचारून येणार आहेत.